ढेप कुठल्या बुट्टीत

“आदी टेकव. मग ढकल. मग मोज. नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं.”

माझे वडील, आण्णा, हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज लेथच्या घरघरीतूनही स्वच्छ ऐकू यायचा. शाहूपुरीतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. एक लेथ, एक बाक, भिंतीला टांगलेल्या पटाश्या. पोळपाट-लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर उतरवणारा माणूस. नाव गणपतराव सुतार, शिक्षण चौथी.

मी सहा-सात वर्षांची असेन. लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा ढीग आणि तीन बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, पुढ्यात मांडून ते मला कामाला लावायचे. टेकवल्यावर गप बसतं आणि ढकललं तर नुसतं सरकतं, ते पहिल्या बुट्टीत. कुठल्याच अंगावर ठरत नाही, सारखं घरंगळतं, ते दुसऱ्या. आणि उभं केलं तर बसतं, आडवं केलं तर पळतं, असलं दुटप्पी तिसऱ्या बुट्टीत. त्यानंतर मोजणी. विटेच्या बाजू सहा, कडा बारा, टोकं आठ. बाजू आणि टोकं मिळवून कडा वजा केल्या की दोन उरले पाहिजेत, नाही उरले तर वस्तू चुकलेली नसते, मोजणारा चुकलेला असतो, असं ते सांगायचे. पुढं कॉलेजात हाच नियम मोठ्या नावानं फळ्यावर आला, तेव्हा मी वहीत उतरवूनही घेतला नाही.

खरी परीक्षा तिसऱ्या बुट्टीची. तिथं पुन्हा ढकलायचं. वृत्तचिती सरळ पळते. शंकू स्वतःच्याच टोकाभोवती गिरकी घेतो. आणि एक प्रकार असा, की तो पळतो सरळ जाणाऱ्याच्या थाटात, पण दोन हात गेला की वळतो. वर-खाली दोन्हीकडं गोल, पण एक गोल दुसऱ्यापेक्षा लहान. आण्णा त्याला ढेप म्हणायचे. गुळाची ढेप साच्यातून सुटून यावी म्हणून साचा एका अंगाला निमुळता असतो. कोल्हापुरात जन्मलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं, आणि ठाऊक असूनही कुणी बघत नाही, कारण ढेप घरात येते ती फोडण्यासाठी.

मी गणिताची शिक्षिका झाले. चौदा शाळा असलेल्या एका संस्थेत लागले, कसबा बावड्याच्या शाळेत. नऊ वर्षांपूर्वी संस्थेनं ठरवलं, की प्रत्येक शाळेला त्रिमितीय आकृत्यांची लाकडी पेटी द्यायची. मी आण्णांचं नाव सुचवलं. म्हातारा अडीच महिने खपला. शिवणीचं लाकूड आणलं, कारण ते पोरांच्या हाताला मऊ लागतं. एकवीस आकृत्या उतरवल्या. एकविसावी ढेप. खाली अकरा सेंटिमीटर, वर नऊ. पुस्तकात हिला शंकुछेद म्हणतात, असं मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, पुस्तकाचं नाव पुस्तकात राहू दे, पोराला ढेप म्हटलं की कळतंय.

पेटी पसंत करण्याची बैठक संस्थेच्या सभागृहात झाली. पसंत करणारे विजयसिंह सर, संस्थेचे गणिताचे प्रमुख. हुशार माणूस, पण बोलायला लागला की समोरच्याला खुर्चीत आक्रसून बसावं लागे. त्यांनी एकेक आकृती उचलली, पट्टी लावली, बाजूला ठेवली. एकविसावीला थांबले.

“खाली अकरा, वर नऊ. हात थरथराय लागलाय म्हाताऱ्याचा. एक वृत्तचिती सरळ येत न्हाय.”

सभागृह हसलं. आण्णा उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती त्यांनी, ते मला अजून दिसतं.

“सर, ती वृत्तचिती न्हवं. ढेप हाय.”

“ढेप म्हंजे वृत्तचितीच की. आमच्या घरात दोन पिढ्या गुऱ्हाळ चाललंय. मला ढेप शिकवताय व्हय?”

पुन्हा हशा. सरांनी ती आकृती कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. टाकली म्हणजे लांबून फेकली, नेमकी आत पडली, त्यावरही कुणीतरी वाहवा केली. मी तिसऱ्या रांगेत होते. मला बरोबर उत्तर माहीत होतं. मी उठले नाही. मी मुळात हळू बोलणारी, आणि समोर वरिष्ठ. सगळे चहाला गेल्यावर मी डब्यातून ती ढेप काढली, पदरानं पुसली. तिची एक कड उडाली होती.

आठवड्यानं चौदाही शाळांना परिपत्रक गेलं: गणपतराव सुतार यांचे नमुने सदोष असल्याने स्वीकारू नयेत. आण्णांनी ते वाचलं, पेटी उचलली आणि एसटीनं एकेका शाळेत जायला लागले. नुसतं हात लावून बघा म्हणायचे. पाच शाळांतून त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. पाचवी माझी होती. सहाव्या शाळेला ते गेले नाहीत. घरी आले, लेथचा पट्टा उतरवला आणि खुंटीला अडकवला. त्याच वर्षी मार्गशीर्षात ते गेले.

तेराव्याला, सगळी माणसं पांगल्यावर, मी दत्ताच्या तसबिरीपुढं बसून गूळ सोडला. विजयसिंह सर चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं, गणपतराव बरोबर होते असं म्हणेपर्यंत गुळाचा कण जिभेवर ठेवणार नाही.

कोल्हापुरात राहून गूळ सोडणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. होळीला माझ्यापुरती साखरेची पोळी. संक्रांतीला तिळगूळ तळहातावर घ्यायचा, कपाळाला लावायचा, शेजारच्या लेकराला द्यायचा. बाहेरच्या लोकांना वाटायचं, साखरेचा आजार असेल. मी वाटू दिलं.

माझी रोजची पूजा पहाटेची. दिवा, तुळशीला पाणी, गुरुवारचा उपास, पौर्णिमेला नृसिंहवाडी. त्यात त्या दिवसापासून एका गोष्टीची भर पडली. घरच्या सगळ्यांच्या नावानं अक्षता वाहून झाल्या, की शेवटची एक विजयसिंह सरांच्या नावानं. देवाकडं मी कुणाचं वाईट कधी मागितलं नाही, त्यांचंही नाही. मागायची ते एवढंच, की याला आयुष्य दे. डोळे चांगले ठेव, कान चांगले ठेव, शुद्ध चांगली ठेव. मेलेल्या माणसाकडून काहीच वदवून घेता येत नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा माझा जीव खरोखर टांगणीला लागला. मी वाडीला जाऊन त्यांच्या नावे अभिषेक केला. त्याची पावती माझ्या पर्समध्ये क्रांतीला दिसली. क्रांती आमच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते, वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, जिभेला हाड नाही, मनात काही नाही. आण्णांची गोष्ट तिला माहीत होती.

“बाई, तुमी देवमाणूस हाय बगा. मी असते तर त्येच्या दारात लिंबू ठेवून आले असते.”

मी हसले. पावती घडी घालून परत पर्समध्ये ठेवली.

यंदा जानेवारीत संस्थेचं पत्र आलं. विजयसिंह सर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. त्यांनी स्वतःची प्लॅस्टिकची ‘आकृतीपेटी’ तयार केली होती आणि ती चौदाही शाळांत द्यायची होती. अध्यक्षांसमोर, सगळ्या गणित शिक्षकांसमोर ते पेटी दाखवणार, आणि नंतर एका ज्येष्ठ शिक्षिकेनं तिच्यावर नमुन्याचा पाठ घ्यायचा. मे महिन्यात निवृत्त होणारी सर्वांत ज्येष्ठ मीच. सोबत पेटी आली होती, चाळून बघण्यासाठी.

आकृत्या एकवीस. क्रमही आण्णांच्या पेटीचाच, फक्त शेवटच्या ढेपेऐवजी दुसरीच आकृती. मी एकेक कार्ड वाचत गेले. सतराव्या कार्डावर गुळाच्या ढेपेचा फोटो होता. खाली छापलं होतं: वृत्तचितीचे आपल्या परिसरातील उदाहरण.

मी कार्ड खाली ठेवलं, हातपाय धुतले आणि देवापुढं नवा दिवा लावला.

एक फोन केला असता तर काम भागलं असतं. सर, कार्डात चूक आहे, एवढं सांगायचं, त्यांनी दुरुस्त केलं असतं, उलट माझे आभार मानले असते. कुणाला काही कळलं नसतं. तो फोन मी आठ दिवस केला नाही. त्या आठ दिवसांत पूजेला बसले की माझं मन इतकं स्थिर व्हायचं, की मलाच त्याची भीती वाटली.

मार्केट यार्डातून पाच किलोची एक ढेप आणली, निमुळतेपण डोळ्यांना सहज दिसणार नाही अशी निवडून. रोज संध्याकाळी माजघरात स्वच्छ धुतलेली चादर अंथरून ती ढकलून बघायची. भावाची बायको, आमची वहिनी, दारात उभी राहून बघायची.

“खात तर न्हाईसा, आन् खेळताय मातुर दाबून,” ती म्हणाली.

बैठक गुरुवारी आली. माझा उपास होता. सभागृह तेच, कचऱ्याचा डबा नवा. अन्न पायदळी नको म्हणून मी सहा टेबलं जोडून त्यावर पांढरी चादर घातली होती. पलीकडच्या टोकाला अध्यक्ष, अलीकडं विजयसिंह सर, दोन्ही अंगांना शिक्षक. सर सत्तरीचे झाले होते. गळ्याचं कातडं सैल पडलं होतं, पण बोलणं तसंच. त्यांनी पाऊण तास पेटी दाखवली. सतरावं कार्ड उंच धरून म्हणाले, आपल्या मातीतलं उदाहरण दिलं की पोराच्या डोक्यात बसतं.

मग मी उठले. माझा आवाज मागं पोचत नाही, म्हणून मागच्या रांगा गप झाल्या. मी म्हटलं, पाठ सोपा आहे, तीन बुट्ट्यांचा. टेबलावर तीन बुट्ट्या ठेवल्या. घन, इष्टिकाचिती, सूची पहिल्या बुट्टीत गेल्या. चेंडू दुसरीत. मग मी सरांना विनंती केली, की तिसऱ्या बुट्टीसाठी तुम्हीच मदत करा. त्यांच्या पेटीतली पिवळी वृत्तचिती त्यांच्या हाती दिली आणि म्हटलं, आडवी करून अध्यक्षांकडं पाठवा. त्यांनी ढकलली. ती सरळ गेली, अध्यक्षांनी हातानं अडवली. टाळ्या पडल्या.

मी पिशवीतून ढेप काढली. कापड सोडलं. वास सभागृहभर झाला.

“आता ही पाठवा, सर.”

ते माझ्याकडं बघून हसले. दोन्ही हातांनी ढेप आडवी केली आणि ढकलली. ती दीड हात सरळ गेली. मग डावीकडं झुकली, वळली, आणि टेबलाची कड ओलांडून थेट क्रांतीच्या मांडीवर पडली. तिनं ती पदरासकट झेलली.

“सर, अध्यक्षांचा गूळ माझ्या ओटीत आला की.”

हशा झाला, पण मोकळा हशा. सरही हसले. म्हणाले, हात चुकला. ढेप फिरवून घेतली, पुन्हा ढकलली, या वेळी जास्त जोरानं. ती उजवीकडं वळली. त्या बाजूच्या शिक्षकांनी ती धरली आणि परत सरांपुढं आणून ठेवली. आता हसायला कुणी तयार नव्हतं. गणिताचेच शिक्षक सगळे. दोनदा वळल्यावर त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

मी पिशवीतून दुसरी वस्तू काढली. शिवणीची, कड उडालेली. नऊ वर्षं ती माझ्या देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर होती. मी ती चादरीवर आडवी ठेवून बोटानं लोटली. ती तशीच गेली, तशीच वळली.

“खाली अकरा, वर नऊ,” मी म्हटलं. “ही कुठल्या बुट्टीत टाकायची, सर? ह्याच सभागृहात तुम्ही एकदा डब्यात टाकली होती.”

अध्यक्ष पुढं वाकून मला विचारू लागले की हे काय प्रकरण आहे. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. ज्या माणसाच्या आयुष्यासाठी नऊ वर्षं अक्षता वाहिल्या त्याच्याकडं बघत राहिले. मला घाई नव्हती.

“चूक झाली,” ते शेवटी म्हणाले.

“कुणाची?”

“माझी.”

“आणि बरोबर कोण होतं?”

त्यांनी टेबलाची कड धरली होती.

“गणपतराव,” ते म्हणाले. मग घसा साफ करून परत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गणपतराव सुतार बरोबर होते.”

मी आकृती पिशवीत ठेवली, नमस्कार केला आणि पाठ संपला म्हणून सांगितलं.

वाटलं होतं, त्या क्षणी आत काहीतरी सुटेल. तसं काही झालं नाही. क्रांती ढेपेचा खडा फोडून माझ्यामागं धावत आली, आज गुरुवार असला म्हणून काय झालं, तोंड गोड करा म्हणाली. मी तिचा हात खाली केला. मलाच कळत नव्हतं का. जिना उतरताना कळलं. ह्या सभागृहात चाळीस माणसांनी ऐकलं. आण्णा मात्र शाळाशाळांच्या फाटकांवर उभे राहिले होते, आणि त्या परिपत्रकाचा कागद चौदा कपाटांत अजून होता.

जिन्याच्या वळणावर सर भिंतीला टेकून उभे होते. सोबत कुणी नव्हतं. एका हातात पाण्याची बाटली होती.

“बाई, माझ्या दुखण्यात तुमी वाडीला अभिषेक केलासा असं ऐकलंतं मी. हितं सगळ्यांना सांगत असतोय ते. आनि आज हे?”

“आज हे करायचं होतं, म्हणूनच केला होता.”

त्यांनी बाटली तोंडाला लावली, पण प्याले नाहीत. मग सांगू लागले. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीनंतर, घरी गेल्यावर त्यांनी गुऱ्हाळातली ढेप घेतली होती आणि पट्टी लावली होती. त्या रात्रीच त्यांना कळलं होतं.

“मग हे कार्ड?”

“नीट छापलं असतं तर लोक म्हनले असते, म्हातारा बरोबर होता. म्हनून तसंच छापलं.”

चूक कळत नसेल, असंच मी नऊ वर्षं धरून चालले होते. कळून, जपून, छापून ठेवलेली चूक ही माझ्या कुठल्याच बुट्टीत बसत नव्हती. ओरडावंसं वाटलं, तेवढा आवाज माझ्यात कधीच नव्हता.

मी त्यांना आण्णांचं सांगितलं. पाच शाळा, पाच फाटकं, एसटी. त्यांना हे माहीत नव्हतं. ते ऐकत असताना त्यांची नजर पायरीवर होती. मग त्यांनी विचारलं, की आता काय करू.

“चौदा शाळा आहेत,” मी म्हटलं. “प्रत्येक शाळेत जायचं. सातवीच्या वर्गात उभं राहून पोरांना सांगायचं, की ढेप वृत्तचिती नाही, हे गणपतराव सुतारांनी सांगितलं होतं आणि मी त्यांना खोटं पाडलं. मुख्याध्यापकांकडून ते परिपत्रक मागून घ्यायचं आणि मला आणून द्यायचं. गाडी घ्यायची नाही. कुणाला बरोबर घ्यायचं नाही. आधी फोन करून कळवायचं नाही.”

“माझं वय बघताय न्हवं?”

“आण्णा अठ्ठ्याहत्तरचे होते.”

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, मान नको, शब्द हवा. त्यांनी छातीवर, टाके घातले होते तिथं हात ठेवला.

“जातो. चौदाही. शब्द दिला.”

घरी येऊन मी दिवा लावला. वहिनीनं पुरणाचं विचारलं, आता गुळाचं करू का. मी म्हटलं, थांब, चौदा होऊ देत. अक्षता वाहताना शेवटची नेहमीसारखी त्यांच्याच नावानं वाहिली. आता तर जास्तच गरज होती. चौदावी शाळा शाहूवाडीच्या पुढं डोंगरात आहे, फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चढ. सत्तरीच्या माणसाचे गुडघे तिथवर टिकले पाहिजेत. त्यांच्यावर दया करावी का, हे मी देवाला विचारलं नाही, कारण देव हो म्हणाला असता.

सोमवारी पहिला तास मोकळा होता. मी वरच्या व्हरांड्यात वह्या तपासत बसले होते. केएमटीची बस फाटकासमोर थांबली, तीन-चार बायका उतरल्या, आणि त्यांच्यामागून, दांडा धरून, एक पाय टेकवून मग दुसरा असे सर उतरले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. हातात काही नव्हतं. बस निघून गेली तरी ते जागेवरच उभे राहिले. मग रस्ता ओलांडला.

फाटकावर केरबा असतो. तो दोन वर्षांपूर्वी लागला, त्यानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं फाटक उघडलं नाही. गजांमधून विचारलं, “कोन पावनं? कुनाकडं आलाय?”

एके काळी ह्या फाटकात त्यांची गाडी शिरताना शिपाई धावायचे. मी वही मिटली आणि ऐकत राहिले.

“गणपतराव सुतारांचं काम हाय,” सर म्हणाले.

केरबाला त्या नावाचा अर्थ लागला नाही. त्यानं वही पुढं केली, पेन दिलं. सरांनी वाकून नाव लिहिलं, वेळ लिहिली, कामाच्या रकान्यात बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग फाटक उघडलं. त्यांनी वर बघितलं नाही. सातवीचा वर्ग कुठला ते केरबाला विचारलं आणि त्यानं दाखवलेल्या दिशेनं, मैदानाच्या कडेकडेनं, सावकाश चालू लागले.